भिंतीच्या वाळूवरून ग्रुपवरची चर्चा

सचिव (बी-४): नमस्कार मंडळी. पार्किंगच्या भिंतीला चार ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) वाळू लागेल. ठेकेदार म्हणतो, गिरणा नदीची वाळू रात्री टाकून देतो, स्वस्त पडेल, पण पावती मिळणार नाही. रविवारपर्यंत हो-नाही कळवा.

दादा (सी-१): घेऊन टाका. गिरणेच्या वाळूला तोड नाही.

ताई (ए-२): दादा, चांगली आहे म्हणूनच तर नदी ओरबाडली! माझं माहेर गिरणाकाठचं. उन्हाळ्यात पात्रात हाताने उकरलं तरी झिरा लागायचा. पावसाचं पाणी वाळूच धरून ठेवते आणि काठच्या विहिरींना हळूहळू देते. आता पोकलेनने वाळू उपसून खालची चिकणमाती उघडी पडलीय. पूर येतो आणि तसाच तापीला निघून जातो. मार्च लागला की विहिरी तळाला. वडिलांनी केळी मोडून कपाशी लावली. पात्रात डांगरवाड्या, म्हणजे टरबूज-खरबुजाचे मळे, करणाऱ्या बाया आता दुसऱ्याच्या शेतात रोजाने जातात.

नाना (डी-३): ताई बरोबर बोलतेय. मी पाटबंधारेत होतो. पुलाच्या पायाभोवतीची वाळू गेली की पाया उघडा पडतो, काठ ढासळतात. २०१६ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत वाळूउपशाची खोली ३ मीटर किंवा पाण्याची पातळी, जे कमी असेल तेवढीच. छोट्या वाळूगटालाही (उपशासाठी दिलेल्या पात्राच्या तुकड्याला) पर्यावरण मंजुरी लागते, हे सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्येच सांगितलंय. रात्री येणारा ट्रॅक्टर यातलं काय पाळतो?

दादा (सी-१): पटतं नाना, पण आपल्या चार ब्रासने काय फरक पडणार?

नाना (डी-३): जगात वर्षाला ५००० कोटी टन वाळू-खडी वापरली जाते, असं संयुक्त राष्ट्रांचा २०२२ चा अहवाल म्हणतो. ती अशाच ब्रास-ब्रासने जाते, भाऊ.

ताई (ए-२): आणि गावात ट्रॅक्टर अडवला तर घरी येऊन दम देतात. पुरात उपशाचा खड्डा दिसत नाही, पोहायला गेलेली पोरं त्यातच सापडतात. त्या वाळूची भिंत मला दारात नको.

काकू (बी-१): आमच्या दिराने घराला क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, वापरली. काही अडचण नाही.

नाना (डी-३): चालेल, पण धुतलेली घ्या, नुसती डस्ट (दगडाची भुकटी) नको. डोंगर तिच्यासाठीही फुटतोच, म्हणून लागेल तेवढीच मागवा.

दादा (सी-१): मग जुन्या भिंतीचा दगड मागे पडलाय तो जोत्यात घाला. माझा क्रश सँडला होकार.

सचिव (बी-४): ठेकेदाराला आत्ताच कळवतो. पावतीसह धुतलेल्या क्रश सँडचा दर मागवलाय, आला की इथेच टाकतो.