झिंक सेलेनाइडमध्ये वेव्हगाइड कोरायचाय, सल्ला हवा

मृण्मयी_क
मंडळी, पीएचडीचं दुसरं वर्ष. आधी काचेत फेम्टोसेकंद (अतिशय छोट्या पल्स सोडणाऱ्या) लेसरने वेव्हगाइड, म्हणजे प्रकाशाला नेणाऱ्या वाटा, कोरायचे, त्यात हात बसला होता. आता सरांनी झिंक सेलेनाइडचा १० मिमीचा पिवळा तुकडा दिलाय आणि ४.३ मायक्रॉनला चालेल असा वेव्हगाइड मागितलाय. लेसर १०३० नॅनोमीटर, ३०० फेम्टोसेकंद.
काचेसारखी एकच रेघ मारली, तर काळा ओरखडा उठला आणि प्रकाश तो सोडून बाकी सगळीकडे गेला. मग २० मायक्रॉन अंतरावर दोन समांतर रेघा मारल्या. मधून थोडा प्रकाश येतो, पण एकाच ध्रुवीकरणाचा (लहरीच्या कंपनाची एकच दिशा), आणि लॉस ५ डीबी, म्हणजे जेमतेम एक तृतीयांश प्रकाश पोचतो. शिवाय रीडिंग सकाळी एक, दुपारी भलतंच. पल्सची ऊर्जा वाढवू का?

चष्मेबद्दूर
अजिबात नको! बऱ्याच काचांमध्ये लेसर पडतो तिथला अपवर्तनांक (प्रकाशाला किती वळवतो तो आकडा) वाढतो आणि प्रकाश जास्त अपवर्तनांकाच्या भागात कोंडला जातो, म्हणून रेघ हाच वेव्हगाइड. स्फटिकात बहुधा उलटं: अणूंची जाळी मोडते, अपवर्तनांक उतरतो. तेव्हा गाभ्याला (प्रकाश जाणाऱ्या मधल्या भागाला) हात लावायचा नाही, त्याच्याभोवती कुंपण घालायचं. २००५ मध्ये ओखरिमचुक आणि मंडळींनी निओडिमियम-याग स्फटिकात असंच रेघांचं कडं करून लेसर चालवला. एडिंबराच्या हेरियट-वॉट विद्यापीठात क्रोमियम घातलेल्या झिंक सेलेनाइडमध्येही झालंय. कड्यातून दोन्ही ध्रुवीकरणं जातात.
तुमचे २० मायक्रॉन टेलिकॉमच्या सवयीचे वाटतात. अपवर्तनांकातला फरक ०.००१ धरला तर टेलिकॉमच्या १.५५ मायक्रॉन तरंगलांबीसाठी एकमोडी (प्रकाशाचा एकच आकार जाऊ देणारा) गाभा साधारण १७ मायक्रॉन व्यासाचा, पण ४.३ साठी ४७ पर्यंत जाता येतं. एवढ्या कड्याला ३ मायक्रॉनवर एक याप्रमाणे ५० रेघा लागतील. खालच्या आधी मारा, नाहीतर वरच्या रेघा खालच्यांचा फोकस विस्कटतात.

निवांत_नाना
वरच्याशी सहमत. ताई, ऊर्जेपेक्षा पल्सची लांबी बघा. या पदार्थात बीम स्वतःच स्वतःला आवळू लागतो ती शक्ती क्वार्ट्झ काचेच्या जेमतेम शंभराव्या भागाएवढी. २०० नॅनोज्यूल ३०० फेम्टोसेकंदांत कोंबले की साडेसहाशे किलोवॅटच्या पुढे गेलात, मग फोकस तुमच्या हातात राहत नाही. लेसरमधला पल्सची लांबी ठरवणारा कॉम्प्रेसर फिरवून पल्स पिकोसेकंदापर्यंत (हजार फेम्टोसेकंदांपर्यंत) ताणा. आणि फार खोल जाऊ नका, २.४ अपवर्तनांकात फोकस खोलीच्या दिशेने लांबत जातो.
आता ते ५ डीबी. टोकांना परावर्तन रोखणारं कोटिंग नाही ना? मग प्रत्येक टोकाला १७ टक्के प्रकाश परततो. दोन्ही मिळून १.६ डीबी तिथेच गेले, ते वेव्हगाइडच्या नावावर कशाला? मीही एकदा हे वजा न करता आठवडाभर ऑब्जेक्टिव्ह बदलत बसलो होतो.
रच्याकने, हा स्फटिक तांबडा प्रकाश सोडतो. आधी हीलियम-निऑनच्या तांबड्या लेसरने जुळवाजुळव करा, मग न दिसणारा बीम सोडा. घासताना धूळ उडू देऊ नका, सेलेनियम आहे ते.

बटाटेवडा
काही कळलं नाही, पण वाचनखूण साठवली.

चष्मेबद्दूर
एक राहिलंच. सकाळ-दुपारचं कोडं: ४.२६ मायक्रॉनभोवती कार्बन डायऑक्साइडचा प्रकाश शोषणारा पट्टा आहे आणि तुम्ही त्यातच बसलाय. दुपारी लॅबमध्ये माणसं किती असतात?

मृण्मयी_क
सात-आठ! आत्ताच बीमच्या वाटेत एक फुंकर मारून पाहिली, सिग्नल धाडकन पडला आणि हळूहळू वर आला. सगळे हसले. आता वाटेवर नळी बसवून नायट्रोजन सोडतेय. कड्याचा प्रोग्रॅम लिहून झालाय, पल्स ताणायला लेसरवाल्यांची परवानगी हवी.
कोरल्यावर टोकं किती घासायची? कडेपाशी रेघा वाकड्या येतात.

निवांत_नाना
दोन्हीकडून दीड-दोनशे मायक्रॉन. तुकडा लहान होईल, सरांना आधीच सांगून ठेवा.