मदत हवी आहे: चौघांच्या चार अ‍ॅलर्जी, गोड पदार्थ मात्र एकच हवा

पुढच्या आठवड्यात घरी मंडळी जेवायला येणार आहेत. एका लहान मुलीला शेंगदाणे आणि सगळा सुकामेवा वर्ज्य आहे, इतका की तिची आई अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन कायम जवळ बाळगते. एकाला अंडं चालत नाही. एकाला सीलिअ‍ॅक आहे, म्हणजे गव्हाचा कणही नको. आणि एका काकूंना दुधाची अ‍ॅलर्जी आहे. लॅक्टोज न पचण्याचा प्रश्न नाही, दुधातल्या प्रथिनांचाच त्रास होतो. त्यामुळे लॅक्टोज-फ्री दूध उपयोगाचं नाही आणि तुपातही प्रथिनांचा अंश राहतो म्हणून तेही बाद.

चार वेगवेगळ्या वाट्या करायच्या नाहीयेत. ही मुलगी जाईल तिथे स्वतःचा डबा उघडून बाजूला बसते, ते बघवत नाही. निदान आमच्याकडे तरी तिने सगळ्यांबरोबर एकाच भांड्यातलं खावं, असं मनापासून वाटतं.

पण एक टाळायला जावं तर दुसरं आडवं येतं. गव्हाशिवायच्या केकमध्ये बहुतेक ठिकाणी बदामाचं पीठ असतं. अंड्याऐवजी काबुली चण्याचं शिजवलेलं पाणी फेटून घालतात, पण शेंगदाणाही कडधान्यांच्याच कुळातला. मग ते तिला चालेल का? आणि भांडी नुसती घासून पुरतील, की वेगळी काढायला हवीत? कोणी असं केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद:
केकचा विचार सोडून द्या. नारळाच्या दुधात साखर आणि चायना ग्रास घालून पुडिंग लावा, वरून ताजी फळं. यात गहू, अंडं, दूध काहीच येत नाही. चायना ग्रासची पूड नारळाच्याच थंड दुधात कालवून मग दोन-तीन मिनिटं चांगली उकळू द्या, नाहीतर नीट धरत नाही. ते फ्रीजबाहेरही सेट होतं. नारळ चालतो का, हे चौघांनाही आधी विचारा.

एक गोष्ट फार महत्त्वाची. नारळाच्या दुधाच्या पावडरीत बऱ्याचदा सोडियम केसिनेट असतं आणि ते दुधाचंच प्रथिन आहे. काकूंसाठी पाकिटावरचे घटक शेवटच्या शब्दापर्यंत वाचा, किंवा ताजा नारळ वाटून दूध काढा.

चण्याचं पाणी शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या बऱ्याच जणांना चालतं, पण सगळ्यांना नाही. तिच्या आईचा शब्द अंतिम.

भांड्यांबद्दल: स्टील, काच साबणाने घासलेली चालतील. लाकडी चमचे, जुनी चाळणी आणि मिक्सरच्या झाकणाची रबरी रिंग यांत कण अडकून राहतात, ती वापरू नका. उकळल्याने अ‍ॅलर्जीचा धोका जातो असं समजू नका. हात साबणानेच धुवा, सॅनिटायझरने शेंगदाण्याचं प्रथिन निघत नाही. सकाळी सगळ्यात आधी हाच पदार्थ करून झाकून ठेवा, कणीक नंतर मळा. वाढायचा डावही वेगळा ठेवा.

धागाकर्ती:
केसिनेटचं माझ्या ध्यानीमनीही नव्हतं, फार आभार! ताजा नारळच घेते. आज चौघांनाही फोन करून नारळाचं आणि फळांचं विचारते. चायना ग्रासच्या पाकिटाचा घटकांच्या बाजूचा फोटोही मुलीच्या आईला पाठवते, म्हणजे नको असेल तर बदलायला वेळ मिळेल.