रानकोंबड्यांसाठी रान तोडावे काय?

रानवाट (चिपळूण)
काल येथे एका सदस्यांनी लिहिले की, अमेरिकेत ज्याची शिकार करतात त्या ग्राउज पक्ष्यासाठी मुद्दाम जंगल तोडतात, तेव्हा कोकणातही तोडबंदी सरसकट उठवून खाजगी रान दर दहा-बारा वर्षांनी तोडू द्यावे; रानकोंबडे आणि चकोत्री हे पक्षी आपोआप वाढतील. हे वाचून गप्प बसवेना. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन या राज्यांत ग्राउजचे बरेचसे जीवन अ‍ॅस्पेन या झाडावर चालते. हे झाड तोडले की त्याच्या मुळांतून दाट फुटवे येतात, त्यात पिल्लांना बाजापासून आडोसा मिळतो, आणि बर्फाच्या दिवसांत हाच पक्षी जुन्या अ‍ॅस्पेनच्या कळ्या खाऊन जगतो. म्हणूनच तेथे लहान लहान तुकडे निरनिराळ्या वर्षी तोडतात आणि जुनी झाडेही राखतात. आपल्याकडे ठेकेदार अख्खा डोंगर उघडा करतो, पाऊस सरला की रानमोडी हे तण माजते, आणि मग तेथे काजू नाहीतर रबर उभे राहते. रबराखाली रानकोंबड्याने काय उकरून खावे?

बागायतदार (दोडामार्ग)
अमेरिकेचे आपण नीट सांगितलेत, कोकणाचे मात्र निम्मेच. रानकोंबडा किर्र रानाच्या पोटात फारसा नसतो. तो असतो रानाच्या कडेला, करवंदीच्या जाळीत, बांबूच्या बेटाशी. कारवीला किंवा बांबूला बी धरले की कोंबडे तेथे गोळा होतात. आमच्या आजोबांच्या काळी कोळशासाठी रान तुटत असे, ऐन-किंजळीच्या बुंध्यांना पुन्हा फुटवे येत, भाजावळीसाठी, म्हणजे भाताचे वाफे भाजायला, कवळ (पाल्याच्या फांद्या) तोडली जाई, आणि कोंबडे परसापर्यंत येत. त्या तोडीने रान संपले नव्हते. आज सातबाऱ्यावर नाव माझे आणि शेरा खाजगी वनाचा. 1964 च्या वृक्षतोड कायद्यामुळे स्वतःच्या जमिनीतला ऐन तोडायलाही परवानगी लागते, आणि 2013 साली सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात उच्च न्यायालयाने तोडबंदी घातली. मुलीच्या लग्नासाठी चार किंजळी विकायच्या होत्या. त्या अजून उभ्याच आहेत, लग्न कर्ज काढून झाले.

देवराई (संगमेश्वर)
आपल्या कर्जाचे दुःख खरे आहे, परंतु त्याचा भार रानकोंबड्याच्या पाठीवर टाकू नका. अमेरिकेत 1937 च्या कायद्याने बंदुका आणि काडतुसे यांच्यावरील कर वन्यजीवांच्या कामाला लावला. शिकारी पैसा देतात आणि त्यातून अधिवास राखला जातो. आपल्याकडे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील 1991 ची दुरुस्ती यांनंतर हौशी शिकार बंदच झाली. मग हा तोडीचा हिशेब कोण ठेवणार, ठेकेदार? शिवाय रान एकट्या कोंबड्याचे नाही. आमच्या देवराईत बेहड्याच्या ढोलीत धनेशाची मादी स्वतःला लिंपून घेते, चोच जाईल एवढीच फट ठेवते, आणि नर आठवडेच्या आठवडे त्या फटीतून फळे भरवतो. दहा-बारा वर्षांच्या फुटव्याला अशी ढोली कोठून येणार?

बागायतदार (दोडामार्ग)
देवराई तोडा असे मी कोठे म्हटले? आमच्या गावची राई आम्हीच राखली, त्यासाठी कोणाचे फर्मान यावे लागले नाही. रबराचा दोष देता, तर तेही ऐका: रबराच्या चिकावर दरवर्षी पैसा मिळतो, आणि ऐन, जांभा ही झाडे राखणाऱ्याच्या हाती सरकार एक रुपयाही ठेवत नाही. वर वानर आणि गवे उरलेसुरले खातात. रान राखण्याचा खर्च आमच्याकडून घ्यायचा आणि उपदेश चिपळुणातून करायचा, हा न्याय आम्हाला मान्य नाही.

रानवाट (चिपळूण)
चिपळूण काढण्याचे कारण नव्हते. माझेही सात एकर रान याच शेऱ्याखाली अडकले आहे. कडेच्या झुडपांत रानकोंबडा अधिक असतो, हे आपले म्हणणे मला मान्य करावेच लागेल, आणि आळीपाळीने कवळ तोडण्याला माझा विरोध नाही. परंतु कालच्या लेखात कवळीचे नावही नव्हते. त्यात तोडबंदी सरसकट उठवा असे होते. बंदी उठली की डोंगरावर आधी कोयता चढेल की जेसीबी, याचे उत्तर आपण मनापासून द्यावे.

बागायतदार (दोडामार्ग)
जेसीबीच चढेल, हे मलाही ठाऊक आहे. म्हणून मुळासकट उपटण्यावर बंदी ठेवा आणि बुंधा राखून आळीपाळीने तोडण्याला परवानगी द्या. एवढा फरक ज्या कायद्याला करता येत नाही, त्याच्या बाजूने मी बोलणार नाही.