'मानवणे', 'सहनशीलता' की 'सात्म्य'?

प्रश्न : एकाच जातीच्या फळमाश्यांच्या निरनिराळ्या वाणांना एकच आहार सारखा चालत नाही आणि याचे कारण त्यांच्या जनुकांमधील भेदांत असते, अशा आशयाच्या लेखात 'टॉलरन्स'साठी 'सहनशीलता' हा शब्द योग्य ठरेल का?

उत्तर : माझ्या मते नाही. 'सहनशीलता' हा स्वभावाचा गुण आहे. साखरेचे प्रमाण खूप असलेल्या अन्नावर अळी तगली आणि वेळेवर कोशात गेली, तर त्यात तिच्या सोशिकपणाचा काही संबंध नाही. 'दूध मानवत नाही', 'कोकणची हवा मानवली' असे आपण म्हणतोच. तेच क्रियापद येथे चपखल बसते, कारण अमुक अन्न अमुक जिवाला, असे दोघांचे नाते त्यात आपोआप येते. सेशेल्स बेटांवरील ड्रोसोफिला सेशेलिया ही माशी प्रामुख्याने नोनीच्या फळावर जगते. त्या फळातील ऑक्टॅनॉइक आम्ल तिच्या जवळच्या नात्यातील जातींना घातक असते, तिला मात्र ते मानवते. उलट सिम्युलान्स या भाऊबंद जातीच्या अळ्यांना मानवणारे साखरेचे प्रमाण सेशेलियाच्या अळ्यांना मानवत नाही. मग यांतली सहनशील कोणाला म्हणायचे?

दुसरे उत्तर : 'मानवणे' मान्य आहे. आयुर्वेदातील 'सात्म्य' (शरीराला मानवणारे) कोणी सुचवील, पण सवयीने अंगवळणी पडलेले अन्नही 'ओकसात्म्य' म्हणून त्यात येते, आणि येथे तर सवय वगळून आनुवंशिक भागच मोजायचा असतो. त्यासाठीच अमेरिकेतील रॅले येथे पकडलेल्या मेलानोगास्टर (प्रयोगशाळांत नेहमी वापरली जाणारी ड्रोसोफिलाची जात) माश्यांपासून पिढ्यानुपिढ्या भावंडांचा संकर करून सुमारे 200 वाण तयार केले गेले. एका वाणातील माश्या जनुकीयदृष्ट्या जवळपास एकसारख्या असल्यामुळे, सर्व वाणांना तेच अन्न दिल्यावर त्यांच्यात सातत्याने दिसणारा फरक मुख्यतः जनुकांकडे बोट दाखवतो. एमएलएक्स हे जनुक निकामी केलेल्या अळ्यांना तर अन्नातील साखर मानवतच नाही. अडचण एवढीच की 'मानवणे'पासून सुटसुटीत नाम होत नाही. शीर्षकात 'आहारसह्यता' आणि मजकुरात क्रियापद, अशी तडजोड मी करीन.

जाता जाता : 'फळमाशी' म्हटल्यावर आंबा बागायतदाराच्या डोळ्यांसमोर फळाला डंख करून आत अंडी घालणारी बॅक्ट्रोसेरा येते, जी वेगळ्याच कुळातील आहे. पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणाऱ्या ड्रोसोफिलाला घरोघरी 'चिलट' म्हणतात, तेव्हा लेखात निदान पहिल्या उल्लेखापाशी तो शब्द अवश्य द्यावा.