धावण्यातला ‘टप्पा ओलांडला’ : बरोबर की उलटं? (ऑनलाइन कट्ट्यावरची चर्चा)

खडू-डस्टर (अमळनेर)

दर डिसेंबरात मी शाळेच्या दर्शनी फळ्यावर सरत्या वर्षातल्या आंतरराष्ट्रीय मैदानी खेळांचा आढावा लिहितो. क्रिकेट नाही, फक्त धावणं, उडी आणि फेक. यंदा २०२५ च्या आढाव्यात या दोन ओळी एकाखाली एक आल्या :

‘नीरज चोप्राने दोहा येथे ९०.२३ मीटर भाला फेकून ९० मीटरचा टप्पा ओलांडला.’
‘केनियाच्या बिआट्रिस चेबेटने ५००० मीटर शर्यतीत १४ मिनिटांचा टप्पा ओलांडला.’

आठवीतली एक मुलगी फळ्यासमोर थांबली. म्हणाली, “सर, ओलांडला म्हणजे चौदाच्या पुढे गेली ना? मग विक्रम कसा?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. चेबेट ५ जुलैला युजीनमध्ये १३ मिनिटं ५८.०६ सेकंदांत धावली. त्याआधी ट्रॅकवर एकही बाई चौदाच्या आत आली नव्हती. जुना विक्रम १४:००.२१ होता. म्हणजे तिने चौदा ओलांडले नाहीत, चौदा व्हायच्या आधीच ती पोचली. माझी ओळ नेमकं उलटं सांगत होती, आणि मी वर्षानुवर्षं तशीच लिहीत आलोय. पेपरातही हेच वाचलंय.

तर दोन शंका. धावण्याच्या वेळेसाठी ‘टप्पा ओलांडणे’ चालेल का? आणि त्याच न्यायाने धावण्यातल्या विक्रमाला ‘उच्चांक’ म्हणणंही चूक नाही का? आकडा तर कमी झालाय.

तापीकाठ

मुलीला माझ्याकडून पेढा द्या.

‘ओलांडणे’ला दिशा आहे. उंबरठा ओलांडतो, नदी ओलांडतो, गाडी भुसावळ ओलांडते. आधी अलीकडे असतो, मग पलीकडे जातो. घड्याळ शून्यापासून चौदाकडे जातं, तेव्हा चौदा ओलांडणं म्हणजे चौदा मिनिटं एक सेकंद. तुमची ओळ व्याकरणात बसते, घड्याळात बसत नाही.

उडीत मात्र हा शब्द शंभर नंबरी. स्वीडनचा डुप्लांटिस आडवी दांडी खरोखर ओलांडतो. यंदा त्याने पोल व्हॉल्टचा जागतिक विक्रम चार वेळा सुधारला. फेब्रुवारीत ६.२७, जूनमध्ये ६.२८, ऑगस्टमध्ये ६.२९ आणि सप्टेंबरात टोकियोच्या जागतिक स्पर्धेत ६.३०. दर वेळी एकच सेंटीमीटर. आमच्याकडे केळीचा व्यापारीसुद्धा भाव इतका जपून वाढवत नाही.

पुण्यात धुळेकर

थोडा विरोध नोंदवतो. ‘उच्चांक’मधला ‘उच्च’ आता आकड्याचा राहिलेला नाही, तो कर्तृत्वाचा झालाय. ‘तेल’ मूळ तिळाचं, म्हणून शेंगदाण्याचं तेल म्हणायचं नाही का? शब्द वापरून झिजतो, मूळ अर्थ गळतो. मराठी क्रीडा-पत्रकार धावण्याला ‘उच्चांक’ लिहीत आलेत आणि कुणाचा गैरसमज झालेला नाही.

खडू-डस्टर (अमळनेर)

आठवीतल्या मुलीचा झाला ना, साहेब.

केळीपट्टा (रावेर)

धुळेकर दादा, तेलाचं पटलं, पण उच्चांकाचं नाही. कारण आपल्या भागात हा शब्द झिजलेला नाही, रोज ताजा होतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे गेला की ‘तापमानाचा उच्चांक’. कापसाला ‘उच्चांकी भाव’. थंडीत ‘नीचांकी तापमान’. ही जोडी कानात इतकी पक्की बसलीय की उच्चांक म्हटलं की डोळ्यापुढे वर चढणारा काटा येतो.

आणि गंमत अशी की खरं बोलायचं तर चेबेटचा ‘नीचांक’ म्हणावा लागेल. तो म्हणून बघा. भाव पडल्यासारखं वाटतं.

धुळ्याची मास्तरीण

‘विक्रम’ असताना एवढा वाद कशाला? संस्कृतात ‘क्रम्’ म्हणजे पाऊल टाकणे. ‘वि’ लागून विक्रम म्हणजे मोठं पाऊल, ढांग, आणि त्यावरून शौर्य. पराक्रमही त्याच घरचा. विष्णूने तीन पावलांत त्रैलोक्य व्यापलं म्हणून तो त्रिविक्रम. आपल्या जामनेर तालुक्यात शेंदुर्णीला त्रिविक्रमाचं देऊळ आहेच. म्हणजे धावणं आणि उडी यांना विक्रमाइतका मुळातून लागू शब्द दुसरा नाही. आकडा चढो की उतरो, पाऊल मोठं पडलं एवढंच तो सांगतो. उलट मला भालाफेकीला विक्रम म्हणतानाच जरा अडखळल्यासारखं होतं. तिथे पाऊल रेषेच्या पुढे पडलं तर फेक बाद!

पुण्यात धुळेकर

मग तिहेरी उडीला त्रिविक्रम म्हणा आजपासून :)

धुळ्याची मास्तरीण

हसू नका, लागू पडतंय. तीन ढांगांत, म्हणजे लंगडी, पाऊल आणि उडी मिळून, जोनाथन एडवर्ड्सने १९९५ साली १८.२९ मीटर घेतले. तीस वर्षं झाली, अजून कुणी पुढे गेलं नाही. टोकियोत यंदाचं सुवर्ण १७.९१ ला गेलं.

तापीकाठ

विक्रम शब्दाचं मान्य. पण ताईंनी ‘उच्चांक’ सोडवला, ‘टप्पा’ तसाच राहिला. विक्रम न करताही माणूस १४ च्या अलीकडे येऊ शकतो. त्याला काय म्हणायचं?

जिभाऊ (पारोळा)

आमना कडे म्हनतीन : *चौदाना मझार उनी.* वाद मिटना.

केळीपट्टा (रावेर)

जिभाऊंनी एका ओळीत काम केलं. ज्यांना अहिराणी येत नाही त्यांच्यासाठी : मझार म्हणजे आत, उनी म्हणजे आली.

आणि ‘आत’ हाच आपला जुना, रोजचा शब्द आहे. दिवस मावळायच्या आत घरी ये. पाऊस यायच्या आत पेरणी उरका. मुदतीच्या आत हप्ता भरा. वेळेची मर्यादा ही कुंपणासारखी, आपण तिच्या आत राहतो. भावाला आणि पाऱ्याला आपण ‘खाली’ म्हणतो आणि ते पडणं असतं. वेळेला ‘खाली’ कुणी म्हणत नाही, ‘आत’ म्हणतो आणि ते जिंकणं असतं. मराठीने हा फरक आधीच करून ठेवलाय. आपणच पेपरातला टप्पा उचलून आणला.

भरतीवाला ९८ (नंदुरबार)

सर, मी इथे नेहमी नुसता वाचतो, आज लिहितो. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीच्या तक्त्यात ही दोन्ही टोकं शेजारी शेजारी आहेत. १६०० मीटरला ‘५ मिनिटे १० सेकंद किंवा त्यापेक्षा कमी’. गोळाफेकीला ‘८.५० मीटर किंवा त्यापेक्षा जास्त’. सरकारने कमी-जास्त लिहून सोडवलं.

आम्ही ग्राउंडवर ‘पाच-दहात बसतो का?’ असं विचारतो. बसला म्हणजे आत. वेळेला वेळ कुणी म्हणत नाही, टायमिंग म्हणतो. टायमिंग ‘काढायचं’ किंवा ‘मारायचं’.

धुळ्याची मास्तरीण

‘पाच-दहात बसणे’ फारच छान. बसण्यासाठी एवढं पळायचं!

पुण्यात धुळेकर

‘टप्पा ओलांडला’बद्दल मी माघार घेतो. उच्चांकाबद्दल नाही. वेळेचा नसेल, वेगाचा तर उच्चांक म्हणता येईल? बोल्टचे १०० मीटरचे २००९ चे ९.५८ सेकंद म्हणजे ताशी सरासरी साडेसदतीस किलोमीटर. हा आकडा चढताच आहे.

तापीकाठ

वेगाचा म्हणून लिहिलंत तर खुशाल. पण पाटीवर सेकंद दाखवायचे आणि खाली उच्चांक लिहायचं, हे काही खरं नाही.

आता न जमल्यावर काय लिहायचं तेही ठरवून टाका. केनियाच्या फेथ किप्येगॉनने जूनमध्ये पॅरिसला मैलभर अंतर चार मिनिटांच्या आत धावायचा प्रयत्न केला. वेळ चार मिनिटं सहा सेकंदांवर गेली. एका ठिकाणी वाचलं, ‘सहा सेकंद कमी पडले’. अहो, कमी कुठले, सहा जास्त झाले! कमी पडायला तो मीटर नाही.

केळीपट्टा (रावेर)

‘हुकलं’ म्हणायचं. सहा सेकंदांनी हुकलं. हुकायला कमी-जास्त लागत नाही. बस हुकते, नेम हुकतो, पेरणीचा वाफसा हुकतो. आणि त्यात ठपका नाही, चुटपूट आहे. याच किप्येगॉनने पुढच्या आठवड्यात युजीनला, चेबेट धावली त्याच दिवशी, १५०० मीटरचा विक्रम ३:४८.६८ वर आणला. ‘वर आणला’ लिहिलं खरं, तेही आता खटकतंय.

धुळ्याची मास्तरीण

‘पर्यंत आणला’ करा.

बाकी विक्रम आणि विजय यांतही गल्लत नको. नीरजची ९०.२३ ही राष्ट्रीय विक्रमाची फेक, पण त्या दिवशी तो दुसरा आला. जर्मनीच्या वेबरने शेवटच्या फेकीत ९१.०६ मीटर गाठले. फळ्यावर नुसतं ‘नव्वदी ओलांडली’ लिहिलं तर मुलांना वाटणार, जिंकला.

खडू-डस्टर (अमळनेर)

सगळ्यांचे आभार. आज सकाळी फळा पुसून पुन्हा लिहिला :

‘नीरज चोप्रा, दोहा : ९०.२३ मीटर. नव्वदी ओलांडली. राष्ट्रीय विक्रम, स्पर्धेत दुसरा.’
‘बिआट्रिस चेबेट, युजीन : १३:५८.०६. ट्रॅकवर ५००० मीटरला चौदा मिनिटांच्या आत येणारी पहिली महिला. जागतिक विक्रम.’

त्या मुलीने वाचलं, मान हलवली आणि पुढची शंका काढली. टोकियोत पुरुषांच्या मॅरेथॉनमध्ये टांझानियाचा सिम्बू आणि जर्मनीचा पेट्रोस या दोघांची वेळ २:०९:४८ अशी एकच आहे. मग एकाला सुवर्ण आणि दुसऱ्याला रौप्य कसं? सेकंदाच्या तीन शतांशांचा फरक होता, हे सांगितलं. पण त्याला शब्द काय? ‘निसटता विजय’ फार गुळमुळीत वाटतो.

जिभाऊ (पारोळा)

नाकनी जितना. (नाकभर अंतराने जिंकला.)

भरतीवाला ९८ (नंदुरबार)

सर, फळ्यावर कोपऱ्यात जागा असेल तर माझंही लिहा. कालचं १६०० चं टायमिंग ५:१४. चार सेकंद बाहेर.