आईच्या पोटाच्या वळीत पुरळ – पावसाळ्यासाठी पावडर किंवा क्रीम सुचवा (बजेट ५०० रु.)

मोगरा_बदलापूर
नमस्कार मंडळी. विषय अवघड जागेचा आहे, पण विचारल्याशिवाय गत्यंतर नाही. आई ६९ वर्षांची, अंगाने भरलेली, मधुमेह जुना. जून लागला की पोटाच्या वळीत आणि छातीखाली लाल होतं, ओलसर राहतं, आग होते. यंदा परकराच्या नाडीच्या जागीही काळपट पट्टा पडलाय आणि सालपटं निघतायत. वळीतल्या लालीच्या कडेने बारीक पुटकुळ्या आहेत. आई म्हणते घामोळं आहे, जाईल. साडीशिवाय दुसरं काही घालत नाही. पावडर चांगली की क्रीम? महिन्याला ५०० च्या वर जमणार नाही. एसी नाही आणि घेणारही नाही, तेवढं सोडून सांगा.

चकलीचा_साचा
कँडिड पावडर, बुरशीवरची. डोळे झाकून घ्या. आमच्याकडे सासूबाईंपासून फुटबॉल खेळून येणाऱ्या चिरंजीवांपर्यंत सगळ्यांना तीच. फक्त देवघरात ठेवायची बाकी आहे.

न्यूजर्सीकर
एसी घ्याच हो. दमटपणा हेच मूळ आहे, बाकी सगळी मलमपट्टी. आम्ही इथे तळघरात डिह्युमिडिफायर (हवेतली ओल खेचणारं यंत्र) लावलाय, रोज बादलीभर पाणी निघतं. शिवाय वळीत ठेवायला चांदी मिसळलेलं खास कापड मिळतं, ओल बाहेर खेचून घेतं. महाग आहे, पण आईपुढे पैसा काय!

मोगरा_बदलापूर
दादा, एसी सोडून म्हटलंय. आणि चाळीला तळघर नसतं :)

अप्पा_बेळगाव
केमिकलच्या नादी लागू नका. खोबरेल तेलात कडुनिंबाचा पाला कढवा, गाळून रात्री लावा. आमच्या आजीने जन्मभर दुसरं काही लावलं नाही.

खवट_खलाशी
अप्पा, आजींचं वजन किती होतं? ओल्या वळीत तेल चोपडलं की ओल आतच कोंडते. कोरड्या पायाला लावा तेल, इथे नको.

अप्पा_बेळगाव
आजीचं वजन काढायची गरज नव्हती. अनुभव सांगितला, घ्यायचा तर घ्या.

निवृत्त_सिस्टर
पावडर-क्रीमच्या आधी कोरडं कसं करायचं ते बघा, बहुतेक घरी चुकतं तिथेच. आंघोळीनंतर आईंना आडवं झोपवा. एका हाताने वळी वर उचला, दुसऱ्या हाताने मऊ कापडाने टिपा. पुसायचं नाही, टिपायचं. मग वळी तशीच उचलून पंख्याखाली थोडा वेळ राहू द्या. हेअर ड्रायर असेल तर गार हवेवर, गरमवर अजिबात नको. मधुमेहात कधीकधी त्वचेला चटका कळत नाही.

नंतर जुन्या मऊ सुती साडीचे तुकडे करून एक पदरी वळीत ठेवा, टोक थोडं बाहेर राहू दे, म्हणजे कातडी कातडीला घासत नाही आणि ओल टोकाकडे येते. ओलसर लागला की बदला. तुकडे धुऊन इस्त्री करा, पावसात आंबट वासाचं कापड परत ठेवू नका.

कडेने पुटकुळ्या म्हणताय म्हणजे नुसतं घासणं नसावं, बहुधा बुरशी (कँडिडा) आहे. त्यावर साधं क्लोट्रिमॅझोल क्रीम, पातळ थर, दिवसातून दोनदा. सहसा दोनेक आठवडे लागतात, लाली गेल्या-गेल्या थांबवू नका. बरं झाल्यावर, कातडी कातडीला घासू नये म्हणून नुसतं झिंक ऑक्साइडचं मलम लावा. क्रीमवर पावडर मारू नका, त्याच्या गोळ्या होतात आणि त्याच टोचतात. पू, घाण वास, ताप, किंवा लाली भराभर पसरली तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि साखर तपासा. ती चढी असेल तर पुरळ पुन्हा पुन्हा येणार.

चकलीचा_साचा
सिस्टरांना अनुमोदन. पण पावडरही घ्याच.

कॉटन_किंग_काकू
आईंना गाऊन घाला की! आमच्या आईने पंच्याहत्तरीत साडी सोडली, आता म्हणते आधी का नाही सांगितलंत.

सांगलीची_मिरची
ज्यांना साडीतच बरं वाटतं त्यांना गाऊनमध्ये कोंबायचं कशाला? नाडी बदला. परकराला बारीक नाडीऐवजी चार बोटं रुंद सुती पट्टा शिवून घ्या, पुढे हुक. बारीक दोरीने एकाच रेघेवर ताण येतो, रुंद पट्ट्याने विभागला जातो. कोणताही टेलर जुन्या परकरालाच करून देईल. आणि रोज जरा वर-खाली बांधायचा.

कॉटन_किंग_काकू
कोंबायचं कुणी म्हटलं नाही. पट्ट्याखाली घाम येत नाही वाटतं?

ठाणे_वेस्ट
केमिस्टकडून 'खाजेची ट्यूब द्या' म्हणून काही आणू नका, हे हात जोडून सांगते. मिस्टरांना जांघेत झालं होतं, दुकानदाराने अशीच एक दिली. दोन दिवसांत सगळं गायब, आम्ही खूश. मग बंद केलं की दुप्पट, असं करत मांडीपर्यंत पसरलं आणि कातडीवर ताणल्यासारख्या रेघा उठल्या, त्या अजून आहेत. त्वचारोगतज्ज्ञांनी खोका हातात घेऊन नुसतं बोट ठेवलं: क्लोबेटासॉल. तीव्र स्टेरॉइड, सोबत बुरशीचं आणि जिवाणूंचं औषध, सगळं एकाच ट्यूबमध्ये. २०१८ साली अशी स्टेरॉइडची मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत. तरी मिळतात. खोक्यावर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन वाचलं तर परत ठेवा. मिस्टर मात्र अजून म्हणतात, 'आराम तर पडला होता!'

रिकामटेकडा
पावडरने कॅन्सर होतो म्हणे? जॉन्सनने टाल्कवाली बेबी पावडर २०२३ मध्ये जगभर बंद केली.

खवट_खलाशी
जॉन्सनवरचे ते खटले बीजाशयाच्या कॅन्सरवरून आणि टाल्कमध्ये ॲस्बेस्टॉस (कॅन्सरकारक खनिज) असल्याच्या आरोपावरून होते. त्यासाठी वेगळा धागा काढा. इथे प्रश्न इतकाच आहे की सुगंधी टाल्कचा घामात चिखल होतो.

गोडबोले_नाही
कुणी विचारलं नाही म्हणून: मधुमेहाची कुठली गोळी चालू आहे? डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, म्हणून त्या भागात बुरशी वाढू शकते. वडिलांना जांघेत आणि लघवीच्या जागी, दोन्हीकडे झालं, तेव्हा डॉक्टरांनी या गोळीचा विचार केला. स्वतःहून बंद करू नका, फक्त विचारा.

नवा_सभासद_
कँडिड पावडर लावा. फरक पडतो.

खवट_खलाशी
वर आलंय.

मोगरा_बदलापूर
सगळ्यांचे आभार, अगदी भांडणाऱ्यांचेही. यादीत तीच गोळी निघाली, डॉक्टरांशी बोलले. त्यांनी तूर्त चालू ठेवायला सांगितलंय, साखर ३०० च्या आसपास असल्याने आधी तीच खाली आणायची म्हणाले. सोबत साधं क्लोट्रिमॅझोल लिहून दिलं, स्टेरॉइड नाही, खोका दोनदा वाचला. पावडर घेतली नाही.

आणि आईने आपलं आपणच ठरवलं: श्रावण संपेपर्यंत मावशीकडे फलटणला. 'तिथं कपडे तरी वाळतात' म्हणे. गाऊन, एसी, पट्टा सगळं नामंजूर. परकर सोबत नेलेत तेच, नाडीसकट. सुती तुकडे मात्र मी बॅगेत घातले आणि मावशीला वळी कशी उचलायची ते व्हिडिओ कॉलवर दाखवलं. मावशी हसत होती, पण करतेय.

सांगलीची_मिरची
फलटणला पाऊस कमी, पण चुलत्या-मामांकडे पुरणपोळ्या आहेत. साखर बघा.

कॉटन_किंग_काकू
मावशी गाऊन घालतात का?