पट काढताना पोरं फक्त शेवटच का उचलतात?

लालमाती: कोल्हापुरातल्या आमच्या तालमीत १०-१२ वर्षांची पोरं मोठ्या पैलवानांचा एकेरी पट, म्हणजे समोरच्याचा एक पाय पकडून त्याला पाडायचा डाव, रोज बघतात. मांडीवरची थाप, हाताला माती चोळणं हुबेहूब करतात. पटाला मात्र गुडघ्यात न बसता कंबरेतून वाकतात. मान खाली जाते आणि समोरचा ती दाबून धरतो. दाखवताना काय बदलावं?

चोचपंख: थाप सावकाश आणि उघड होते, म्हणून जशीच्या तशी उतरते. पट मात्र पापणी लवेपर्यंत संपतो. पोराला दिसतो तो फक्त हातात आलेला पाय, मग तो आपल्या रीतीनं पायावर झेपावतो. ब्रिटनमध्ये टिट नावाचे छोटे पक्षी दारातल्या दुधाच्या बाटल्यांची झाकणं फोडत. पहिली नोंद १९२१ची. सगळ्यांना वाटलं, एकमेकांची नक्कल चाललीय. पुढे १९८४ मध्ये शेरी आणि गॅलेफ या संशोधकांनी कॅनडात त्याच कुळातल्या पक्ष्यांवर प्रयोग केले. दुसऱ्यानं झाकण फोडताना न बघता, आधीच उघडलेली डबी मिळाली तरी काही पक्षी झाकण फोडायला शिकले. चोच कुठे मारायची एवढं कळलं की पुढचं त्यांचं ते करतात. तुमच्या पोरांचंही तेच होतंय.

आखाडा_सराव: मग 'कुठे'च्या आधी 'कसं' दाखवा. पोरांना दाखवणाऱ्याच्या मागे उभं करा. समोरून उजवं-डावं उलटं दिसतं. आधी नुसतं उतरणं, पायाला हात लावायचा नाही. गुडघे वाकलेले, छाती वर, नजर समोर. तीनदा सावकाश, एकदा पूर्ण वेगात, लगेच पोरांनी करायचं. हे जमल्यावरच पकड: हात समोरच्याच्या गुडघ्यामागे, डोकं आतल्या बाजूला बरगडीला टेकलेलं. एका वेळी एकाच जागी बघायला सांगा, "आता फक्त गुडघे". अर्धवट शिकलेल्या पोरालाही सगळ्यांसमोर करू द्या आणि तिथंच दुरुस्त करा. चूक आणि दुरुस्ती शेजारी-शेजारी दिसली पाहिजे.

चोचपंख: दुरुस्ती करताना ओरडू मात्र नका, ही माझी कळकळीची विनंती. मानसशास्त्रज्ञ बांडुरा यांच्या १९६५च्या प्रयोगात, बाहुलीला मारणाऱ्या माणसाला शिक्षा झालेली ज्या मुलांनी फिल्ममध्ये पाहिली, त्यांनी नक्कल कमी केली. नंतर स्टिकर आणि फळांचा रस देऊ केल्यावर त्यांनीही इतरांइतकंच करून दाखवलं. म्हणजे गप्प उभं असलेलं पोरगं शिकलेलं असू शकतं. त्याला बाजूला घेऊन करायला सांगा.

लालमाती: मोबाईलवर शूट करून दाखवलं तर?

आखाडा_सराव: चालेल. फोन बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर ठेवा, स्लो मोशनमध्ये घ्या आणि पाय हातात येण्याआधीच क्लिप कापा.